हद्दवाढीच्या चर्चेमुळे मुलीची शाळा बदलावी का?

प्रश्न : आम्ही कोल्हापूर शहराला लागून असलेल्या करवीर तालुक्यातील गावात राहतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत असून तिला नवोदयच्या (सहावीपासूनच्या केंद्र शासनाच्या निवासी विद्यालयाच्या) प्रवेश परीक्षेला बसवायचे आहे. शहराची हद्दवाढ होऊन आमचे गाव महापालिकेत गेले की शाळाही महापालिकेकडे जाईल, दर्जा घसरेल आणि नवोदयमधील ग्रामीण कोटाही हातचा जाईल, असे गावात बोलले जाते. मग जूनमध्येच तिला शहरातील खासगी शाळेत पाचवीला घालावे का? धाकट्या मुलासाठी पुढच्या वर्षी आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळेतील मोफत प्रवेशाचा) अर्जही भरायचा आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपली भीती अनाठायी नाही. मात्र तिच्यावर आपण योजलेला उपायच मुलीला अडचणीत आणू शकतो, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

नवोदयच्या नियमानुसार ग्रामीण जागेवर हक्क सांगणाऱ्या विद्यार्थ्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असावे लागते, आणि या काळात एक दिवस जरी शहरी भागातील शाळेत काढला, तरी तो शहरी उमेदवार धरला जातो. हद्दवाढ होईल की नाही, झालीच तर केव्हा आणि कोणत्या गावांची, हे अजून ठरायचे आहे. मुलीला जूनमध्ये शहरात नेले तर कोटा मात्र आपल्याच हाताने त्या दिवशी संपेल. नाव गावच्या हजेरीपटावर ठेवून मुलीला शहरातील वर्गात बसवण्याचा मार्ग काही पालक सुचवतात. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय निवड झाल्यावर होणाऱ्या कागदपत्रांच्या पडताळणीत मिळालेला प्रवेश घालवणाराही आहे.

आता हद्दवाढीविषयी. महापालिकेची हद्द बदलायची तर राज्य शासनाला आधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यानंतर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. नवोदयसाठी गाव शहरी की ग्रामीण हे ऑनलाइन अर्ज भरण्याच्या काळातील स्थितीवरून ठरते. त्यासाठी २०११ ची जनगणना आणि त्यानंतरच्या शासकीय अधिसूचना पाहिल्या जातात. वर्तमानपत्रातील बातम्या, हद्दवाढीसाठी वा विरोधात निघणारे मोर्चे किंवा महापालिका सभागृहातील ठराव यांचा तेथे उपयोग नाही.

येथेच एक बाब बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. शहरालगतची काही गावे, तेथे ग्रामपंचायत असूनही, २०११ च्या जनगणनेत शहरी म्हणून नोंदली गेली आहेत. गांधीनगर हे त्याचे आपल्या परिसरातील उदाहरण. आपले गाव तसे असेल, तर हद्दवाढ न होताही ग्रामीण कोट्याविषयी प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून करवीर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि कागलच्या नवोदय विद्यालयाच्या कार्यालयात, शाळेचे नाव व गाव लिहून, लेखी विचारणा करावी. शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पाचवीसाठी निवडलेल्या हायस्कूलबद्दलही त्याच अर्जात विचारावे.

कोटा नाही असे निष्पन्न झाले तरी परीक्षेचा दरवाजा बंद होत नाही. सहावीच्या ८० जागांपैकी किमान ७५ टक्के ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि एकतृतीयांश मुलींसाठी असतात. ग्रामीण कोट्याबाहेरच्या खुल्या जागांवर शहरी व ग्रामीण दोघांचीही गुणवत्तेनुसार निवड होते. त्यामुळे तयारी खुल्या जागेच्या हिशेबानेच करून घ्यावी. दोन तासांत ८० प्रश्न व १०० गुण असतात. त्यांपैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीला (आकृत्यांवरील प्रश्नांना) आणि प्रत्येकी २५ गुण अंकगणिताला व भाषेला असून प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. यासाठी खासगी शाळेपेक्षा रोज तासभर शांतपणे सोडवलेली आकृत्यांची उदाहरणे अधिक उपयोगी पडतील, असे माझे मत आहे. परीक्षा एकदाच देता येते, हेही ध्यानात असू द्यावे.

महापालिकेकडे शाळा गेली की दर्जा घसरतो, हे सरसकट मान्य करता येणार नाही. जरगनगरमधील लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर महापालिकेचेच आहे आणि तेथे पाल्याला प्रवेश मिळावा म्हणून पालक गुढीपाडव्याला रांगा लावतात. शिक्षकांच्या बदल्या व त्यांना महापालिकेच्या सेवेत सामावून घेणे, हा प्रश्न मात्र खरा आहे. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तेव्हाही शाळांच्या हस्तांतरणाला वेळ लागला. आपल्याकडे तसे हस्तांतरण होईपर्यंत आपली मुलगी प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

धाकट्या मुलाची काळजी तूर्त बाजूला ठेवावी. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी घर ते शाळा हे अंतर मोजले जाते व एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य मिळते. मध्ये महापालिकेची हद्द आली म्हणून ते अंतर बदलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना या २५ टक्के जागांतून सूट देणारा बदल केला होता, पण १९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्या दोन घटनांच्या मधल्या काळात ज्यांनी घाईने फी भरून अन्यत्र प्रवेश घेतले, त्यांना त्याचा भुर्दंड बसला. आपण पत्त्याचे पुरावे नीट ठेवावेत आणि दहा शाळांपर्यंत पसंती देता येते, तिचा पुरेपूर उपयोग करावा.

मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला लेखी उत्तर येईपर्यंत मागू नये. उत्तर ‘ग्रामीण’ असे आले, तर पाचवी संपेपर्यंत तिला तेथेच शिकू द्यावे. ‘शहरी’ असे आले, तर शाळा बदलण्याने कोट्याचे काही नुकसान होणार नाही. तेव्हा वर्गशिक्षक, रोजचा प्रवास आणि आपल्याला झेपणारी फी एवढ्यावरच निर्णय घ्यावा.