घरी व्हिस्की चाखायची तर आधी पाणी मोजा

तुमच्याकडे मडगावच्या घरी चार व्हिस्की जमल्या आहेत: एक ब्लेंडेड स्कॉच, गोव्याच्या पॉल जॉनची ब्रिलियन्स, त्यांचीच बोल्ड आणि बंगळुरूची अमृत फ्यूजन. शिवाय काजू फेणीची एक बाटली. शनिवारी तीन मित्र येणार, सगळ्या चाखून कोणती सरस ते ठरवायचंय. पण मागच्या बैठकीत दुसऱ्या ग्लासानंतर सगळंच सारखं जळजळीत लागलं, म्हणून विचारताय की चूक कुठे होते.

त्याचं निम्मं उत्तर लेबलांवरच छापलेलं आहे. आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी ब्लेंडेड स्कॉच ४२.८ टक्के अल्कोहोलची असते, तुमच्या दोन्ही पॉल जॉन ४६ टक्क्यांच्या आणि फ्यूजन ५० टक्क्यांची. (४२.८ हा आडनिडा आकडा दारूचा जोर सांगणाऱ्या 'प्रूफ' या जुन्या ब्रिटिश मापातून आलाय. १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के, आपल्याकडची प्रथा ७५ प्रूफची.) या बाटल्या आहेत तशा ओतून शेजारी ठेवल्या की तुलना होते ती फक्त अल्कोहोलच्या जोराची. जी कडक ती एकाला दमदार वाटते, दुसऱ्याला घसा जाळणारी, आणि व्हिस्कीबद्दल दोघांनाही काही कळलेलं नसतं. म्हणून माझा पहिला आग्रह: सगळ्या एका पातळीवर आणा, मगच तोंडाला लावा.

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज आणा. चौघांना प्रत्येकी १५ मिली धरा, म्हणजे दर बाटलीतून ६० मिली. फ्यूजनच्या ६० मिलीत १० मिली पाणी घाला, पॉल जॉनच्या प्रत्येकी ६० मिलीत साडेचार मिली, स्कॉचला काहीच नको. चारही ४२.८ च्या आसपास येतील. हे मिश्रण मित्र येण्याच्या तासभर आधी स्वच्छ काचेच्या छोट्या बाटल्यांमध्ये करून ठेवा. पाणी नळाचं नको, क्लोरिनचा वास नाजूक सुगंध खाऊन टाकतो. बोअरचं जड पाणी तर नकोच. साधं बाटलीबंद, कमी क्षारांचं पाणी घ्या. चारही मिळून दर माणशी एका मोठ्या पेगएवढीच व्हिस्की होते, आणि चाखायला तेवढी भरपूर झाली. कुणी स्कूटरवर येणार असेल तर त्याची झोपायची सोय आधी करा.

दुसरा आग्रह लेबल लपवण्याचा. तुमच्या घरात न पिणारं कुणी असेल तर त्यांना आतल्या खोलीत ओतायला सांगा, ग्लासाच्या बुडाला अ-ब-क-ड लिहायला सांगा, आणि यादी त्यांच्याकडेच राहू दे. महागाची बाटली कोणती हे माहीत असलं की जीभ आपोआप तिच्या बाजूने बोलते. यातून मी सुटलेलो नाही, कुणीच सुटत नाही. रंगावरही भरवसा ठेवू नका. अनेक व्हिस्कींमध्ये कॅरॅमलचा रंग कायदेशीररीत्या घातलेला असतो, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे गणित चालत नाही.

कोणती सरस, हे मात्र चौघी एकदम समोर ठेवून ठरवू नका. जोड्या लावा. तुमच्याकडे नशिबाने एक फार सुंदर जोडी आहे: ब्रिलियन्स आणि बोल्ड. दोन्ही तुमच्या घरापासून जवळच, कुंकळ्ळीच्या एकाच डिस्टिलरीतल्या, दोन्ही सारख्याच ४६ टक्क्यांच्या. मोठा फरक धुराचा. बोल्डसाठी माल्ट केलेलं, म्हणजे मोड आणलेलं, बार्ली वाळवताना पीटचा धूर दिलेला असतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या झाडपाल्याची माती, ती स्कॉटलंडहून येते. ब्रिलियन्समध्ये हा धूर नाही. एकच गोष्ट बदललेली असली की ती नेमकी ओळखता येते आणि जन्मभर लक्षात राहते. सुरुवात इथूनच करा, आणि ब्रिलियन्स आधी. धूर एकदा तोंडात बसला की पुढचा अर्धा तास दुसरं काही नीट लागत नाही.

मग बोल्डच्या शेजारी फ्यूजन ठेवा. तिच्यात भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडचं पीटचा धूर दिलेलं बार्ली असतं, त्यामुळे धूर आहे पण मागच्या रांगेत. स्कॉचची जोडी ब्रिलियन्सशी, पण एक भान ठेवून: ब्लेंडेड स्कॉचमध्ये माल्टसोबत मका-गव्हासारख्या धान्याची ग्रेन व्हिस्कीही असते, ती स्वभावाने हलकी आणि मवाळ. तिला 'पातळ' म्हणून खाली ढकलणं अन्यायाचं आहे. आणि वयाबद्दल: स्कॉटलंडच्या थंडीत लाकडी पिंपात मुरणाऱ्या व्हिस्कीतलं वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं. गोवा-बंगळुरूच्या उष्णतेत त्याच्या कितीतरी पट, आणि लाकूडही तितक्याच वेगाने आत उतरतं. म्हणून आपल्या माल्टला वय विचारत बसू नये.

फरक खरंच कळतोय का हे तपासायचं असेल तर तीन ग्लासांची चाचणी घ्या. दोनमध्ये एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून पाच-पाच मिलीच्या दोन-तीन फेऱ्या करा. जिथे वेगळी ओळखताच येत नाही, तिथे सरस-निरस वाद घालण्यात अर्थ नाही.

ग्लास ट्यूलिपसारखा, वरून निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा व्हिस्की चाखायचा खास ग्लास नसेल तर छोटा वाइन ग्लास चालेल, सरळ उभा जाड ग्लास नको. ओतल्यावर बशी झाकून पाच मिनिटं ठेवा. वाइनसारखं गरागरा फिरवू नका, नुसता अल्कोहोल वर येतो. ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्या, नाकाला झोंबत नाही. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या, ते लगेच जागेवर येतं. एप्रिलच्या उकाड्यात खोली आधी गार करून घ्या. स्वयंपाकघरात फोडणी नको, उदबत्ती नको, अंगावर अत्तर नको. चकणा शेवटी. मधे तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे पुरतात.

पहिली फेरी झाल्यावर उरलेल्या घोटात तेवढंच पाणी घाला आणि फक्त वास घ्या. व्हिस्कीचे ब्लेंडर, म्हणजे मिश्रण ठरवणारे जाणकार, असंच, साधारण २० टक्क्यांवर आणून, वासावर काम करतात. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा रेणू पाणी घातलेल्या व्हिस्कीत पृष्ठभागाजवळ राहतो, फार कडक असेल तर आत दडतो. बोल्डवर हे करून बघा.

शब्दांसाठी परक्या याद्या पाठ करू नका. स्कॉच लिहिणाऱ्यांच्या हेदर आणि गूजबेरीचा वास आपल्यापैकी कितीजणांनी घेतलाय? पिकलेल्या केळ्याचा वास आला तर केळं लिहा, आंबवणीत तयार होणाऱ्या एस्टर या सुगंधी रसायनांचा तो वास खराच असतो. खोबरं आलं तर ते अमेरिकन ओकच्या पिंपातून येतं. लवंग, काकवी, जायफळ, डेटॉल, चुलीचा धूर, जे आठवेल ते. प्रत्येकाने आधी गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं. एकदा कुणी मोठ्याने 'आंबा' म्हटलं की चौघांनाही आंबाच येतो.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी: तिकडे कडक दारूला वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, आणि गोव्याच्या बाटल्या नुसत्या पिशवीत घालून हद्द ओलांडणं हा गुन्हा आहे.

राहिली फेणी. ती शनिवारी उघडू नका. व्हिस्कीची बरीचशी चव पिंपाच्या लाकडातून येते. फेणीला सहसा लाकूड लागतच नाही, जे आहे ते बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं, आणि त्याच्या रानटी आंबवणीचं. तिचा वास इतका पुढे येतो की शेजारची प्रत्येक व्हिस्की मुकी वाटते, आणि मग लोक फेणीला उग्र म्हणून मोकळे होतात. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या दारूला हा न्याय नाही. तिची जोडी तिच्याच घरातली लावा: काजूची आणि माडाची, किंवा दोन वेगळ्या भाट्यांची, म्हणजे दारू गाळायच्या ठिकाणांची, काजू फेणी, टक्के बघून, पाणी मोजून, लेबल लपवून. मार्च ते मे दरम्यान ओळखीच्या भाटीवरून ताजा उराक मिळाला तर तोही शेजारी ठेवा. पहिल्या गाळणीचा हलका उराक आणि पुन्हा गाळलेली फेणी लागोपाठ चाखली की दुसऱ्या गाळणीत काय उरतं आणि काय जातं, ते कळतं.