‘मला त्याचं काही नको’ हे वाक्य जरा बाजूला ठेव

पत्र :

ताई, माझं वय ३६, लग्नाला ११ वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. तिला घेऊन मी गेलं दीड वर्ष सिंहगड रोडला आईकडे राहते. मारहाण, व्यसन असलं काही नाही, आमचं जमलंच नाही. आता म्युच्युअलने वेगळं व्हायचं ठरलंय. नवरा म्हणतो, एकच वकील करू, कागदावर दोन ओळी पुरेत, ‘मुलीचं मी बघेनच ना’. आई म्हणते, त्यांचा एक पैसा नको, ताठ मानेनं बाहेर पड. मी नोकरी करते, मलाही वाटतं, त्याचं काही नको. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तिथे तो राहतो, हप्ता निम्मा-निम्मा. माझं सोनं साताऱ्याला सासूबाईंच्या लॉकरमध्ये. परवा मुलीनं विचारलं, ‘यंदा गौरीला आजीकडे जायचं ना?’ मला उत्तरच सुचलं नाही.
– एक आई, पुणे

उत्तर :

तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते आणि थोडं कडकही बोलते.

‘मला त्याचं काही नको.’ बाणेदार वाक्य आहे, पण त्यातलं ‘मला’ नीट बघ. तुझी स्वतःची पोटगी सोडायची असेल तर सोड. कमावती आहेस, तुझा निर्णय. मुलीचा खर्च मात्र तुझा नाहीच, मग तू तो सोडणार कशी? तो तिचा हक्क आहे. ‘मुलीसाठी माझी काही मागणी नाही’ असं तू लिहून दिलंस तरी तिचा हक्क त्यानं बुडत नाही, पुढे तिच्यासाठी कोर्टात जाता येतंच. पण पुन्हा ती पायरी चढायची कशाला? आत्ताच लिहून घ्या. तुझ्या आईचा स्वाभिमान मला कळतो, फक्त त्याची किंमत नातीच्या फीमधून जायला नको.

नवरा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. आज तो मनापासूनच बोलत असेल. उद्या त्याचं दुसरं लग्न होईल, दुसरं मूल होईल, कदाचित नोकरी जाईल. तेव्हा ‘बघेनच ना’ला काय धरून बसणार?

एका वहीत मुलीचा वर्षाचा खर्च मांड. फी, बस, क्लास, डॉक्टर, बूट, वाढदिवससुद्धा. त्यातला त्याचा वाटा ठरवा आणि दर वर्षी तो किती टक्क्यांनी वाढेल तेही लिहा. तिसरीच्या फीत अकरावी होत नाही. ‘सज्ञान होईपर्यंत’ हे ठोकळेबाज शब्द चालवून घेऊ नकोस. अठरा पूर्ण होतात तेव्हा बारावी संपत असते आणि खरा खर्च तिथून पुढे. शिक्षण संपेपर्यंत, असं स्पष्ट लिहा. हिंदू कायद्यातही अविवाहित मुलगी स्वतःचं भागवू शकत नसेल तर तिचा सांभाळ ही आईबापांची जबाबदारी धरली आहे, अठराव्या वर्षी ती संपत नाही.

दोन ओळींत काम लवकर होईल, असं तुम्हाला वाटतंय. उलट आहे. वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो, आणि त्यानंतर कायद्यात सहा महिने थांबायला सांगितलंय. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे थांबणं कोर्ट माफ करू शकतं. पण अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे प्रश्न खरोखर मिटलेले असावेत. तुमचं दीड वर्ष झालंय. प्रश्न मिटलेत का, एवढंच राहिलं. म्हणजे सविस्तर कन्सेंट टर्म्स, दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या लेखी अटी, हाच इथे जवळचा रस्ता.

फ्लॅटचं मला जास्त वाटतं. तुमचा घटस्फोट बँकेला ठाऊक नसतो आणि ठाऊक झाला तरी तिला फरक पडत नाही. कर्जाच्या कागदावर तुझी सही आहे तोवर त्यानं हप्ता चुकवला की तुझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, घसरणार. एक तर फ्लॅट विकून कर्ज फेडा, नाहीतर एकानं घर आणि कर्ज दोन्ही स्वतःकडे घ्या आणि दुसऱ्याचं नाव कर्जातून काढल्याचं बँकेकडून लेखी घ्या. आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (बाकीची शुल्कं वेगळी). निकाल लागला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही. तेव्हा नावं बदलायची असतील तर बँकेची ना-हरकत घेऊन निकालाच्या आधी.

ही घाई दोन्ही बाजूंनी जपून करायची, कारण निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. काय, कधी, कुणाच्या हातात, हे वकील टप्प्याटप्प्यानं बांधून देतात. एकच वकील चालेल, पैसे वाचतात. पण सही करण्याआधी तो मसुदा दुसऱ्या एखाद्या वकिलाला दाखव, ज्याची फी तुझा नवरा देत नाही. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, पगार किती हे विचारलं जात नाही.

सोनं तुझं आहे. माहेरचं, आणि सासरी तुझ्या अंगावर घातलेलंही. स्त्रीधन म्हणतात ते हेच. लॉकर कुणाच्याही नावावर असो. लग्नाचे फोटो काढ, नगवार यादी कर, वजन लिही आणि मोजून ताब्यात आल्यावरच ‘मिळालं’ म्हणून सही कर. पीएफ, विमा, बँक इथलं वारसाचं नाव बदलायला एक दिवस सुट्टी टाक. आडनावाचं सावकाश बघ, त्याची घाई नसते.

आता मुलगी. ‘बाबा केव्हाही भेटू शकतात’ ही ओळ मसुद्यात फार गोड दिसते आणि भांडणं तिच्यातूनच निघतात. केव्हाही म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीही? दुसरा-चौथा शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, दिवाळीचा पाडवा कुणाकडे, भाऊबीज कुणाकडे, व्हिडिओ कॉल किती वाजता, पासपोर्टच्या सह्या कोण करणार, सगळं लिहा. मला हसशील, पण गणपतीसाठी स्वतंत्र कलम घाल. आपल्याकडे घरं मोडतात ती सणासुदीलाच पुन्हा मोडतात. हे लिहिलेलंही कायमचं नसतं. मूल मोठं झालं, शाळा बदलली, तर ताब्याचा आणि खर्चाचा हुकूम कोर्ट बदलू शकतं. ती बारा वर्षांची झाली की शनिवारी तिला बाबा नकोत, मैत्रिणी हव्या असतील. तेही दोघांनी सोसा.

तिला सांगायचं ते दोघांनी एकत्र बसून, फ्लॅटवर नको आणि तुझ्या आईसमोरही नको. कुणाचं चुकलं ते तिला सांगू नका. ती कुठे झोपणार, शाळा तीच राहणार का, बाबा कधी दिसणार, एवढं सांगा. मुलं तेच विचारतात. तुझीनंही तेच विचारलंय, गौरीला जायचं ना?

जाऊ दे तिला. सून-सासूचं नातं तुमच्या निकालानं संपेल, आजी-नातीचं त्या कागदात येतच नाही. सासूबाईंना फोन नवऱ्याला करू देऊ नकोस, तूच कर. ‘गौरीला तिला पाठवते, आवाहनाच्या आदल्या दिवशी बाबा घेऊन येतील, विसर्जन झालं की परत सोडतील.’ एवढंच बोल.

आणि त्या फोनवर बांगड्यांचा विषय काढू नकोस.