ठाण्यात जुन्या कंपनीच्या जागेवर झालेल्या संकुलात राहणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय, डोंबिवलीचं घर विकून पोखरण रोड किंवा कोलशेत रोडला, कारखाना पाडून झालेल्या मोठ्या संकुलात यावं का. मी सहा वर्षांपासून ठाण्यात अशाच एका संकुलात राहते. त्याआधीचं सगळं आयुष्य वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत गेलं. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. एमआयडीसी १९६२ मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे आमची वागळे इस्टेट. तेव्हा कंपाउंडच्या भिंतीबाहेरूनही ठाणं पाहिलंय आणि आता आतूनही पाहतेय.

या भिंतीबद्दलच तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्याची जमीन हा एकच भलामोठा तुकडा असतो. पोखरण रोड नंबर एकला १९२५ सालची लोकरीची गिरणी होती, म्हणजे रेमंड. कोलशेतला बायर या रसायनं-औषधांच्या कंपनीची शंभर एकरांच्या वर जमीन होती, ती २०११ मध्ये विकली गेली. सँडोज कंपनीची जमीन पुढे क्लॅरियंट कंपनीकडे गेली आणि मग तिथे टॉवर आले, पण सँडोज बाग हे नाव अजून आहे. गोल्डन डाइज या जुन्या कारखान्याचं नाव तर रिक्षावाल्यांच्या तोंडी रोज असतं. कारखान्याच्या मधून रस्ता जात नाही. एक गेट, एक वॉचमन आणि चारी बाजूंनी कंपाउंड. कारखाना गेला, बिल्डर आला, पण जमिनीचा तुकडा तेवढाच राहिला आणि कंपाउंडही त्याच रेषेवर पुन्हा उभं राहिलं.

याचा त्रास सॅम्पल फ्लॅट बघताना कळत नाही. माझ्या इमारतीपासून गेटपर्यंत चालायला सात मिनिटं लागतात. मुलीच्या मैत्रिणीचं घर भिंतीच्या पलीकडेच आहे, खिडकीतून दिसतं, पण जायला रिक्षा करावी लागायची. वर्तकनगरला आई जिना उतरली की कोथिंबिरीची जुडी हातात. इथे आल्यावर पहिलं वर्षभर ती गप्पगप्पच होती. तिला घर आवडलं नव्हतं असं नाही, खाली उतरून जायला जागाच नव्हती.

स्टेशनचंही तसंच. या कंपन्या हायवे आणि खाडीच्या अंगाने वसल्या, त्यांना लोकलची गरज नव्हती. कामगारांसाठी कंपनीच्या बसेस असायच्या. त्या बंद झाल्या, पण स्टेशन काही जवळ आलं नाही. कोलशेतहून टीएमटी, म्हणजे महापालिकेची बस, किंवा शेअर रिक्षा, आणि कापूरबावडीचं ट्रॅफिक सोसायचं. डोंबिवलीत स्टेशनला चालत जायची सवय असेल, तर हे जड जाईल.

चांगलं काय, तेही सांगते. झाडं. आमच्या आवारातले पर्जन्यवृक्ष कारखान्याच्या काळातले आहेत, एवढी सावली नव्या ठाण्यात सहसा मिळत नाही. मुलं मोकळी खेळतात. कोलशेतला महापालिकेचं वीस एकरांचं सेंट्रल पार्क २०२४ मध्ये उघडलं, तिकीट आहे पण जाण्यासारखं आहे.

बाबांचे एक मित्र आमच्याच जागेवरच्या कंपनीत सत्तावीस वर्षं होते. घरी जेवायला आले तेव्हा गेटवर त्यांचा फोटो काढला, ॲपवर माझी परवानगी येईपर्यंत उभं केलं. वर येऊन खिडकीतून दाखवत गेले, कँटीन इथे, स्क्रॅप यार्ड तिथे, युनियनची गेटसभा त्या झाडाखाली. त्यांच्याकडूनच मला कळलं की औद्योगिक जमीन निवासी करताना कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते बिल्डरकडे मागून वाचा. ज्यांनी तिथे आयुष्य घालवलं त्यांचे पैसे मिळाले होते की नाही, हे आपल्याला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. ते पत्रही अटींसकट वाचा. रसायनांची किंवा औषधांची कंपनी असेल तर मातीची तपासणी झाली का विचारा, आणि बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका.

आणि गेटं किती आहेत ते मोजा. आमच्याकडे मागच्या भिंतीत, गावठाणाच्या बाजूला, छोटं फाटक काढावं म्हणून आम्ही दोन वर्षं सोसायटीच्या सभांमध्ये भांडलो. सुरक्षिततेचा मुद्दा निघायचा आणि विषय पुढे ढकलला जायचा. शेवटी सकाळी सहा ते रात्री दहा, एक वॉचमन ठेवून, या अटीवर ते मागच्या दिवाळीत उघडलं. तिथून बाहेर पडलं की तीन मिनिटांवर कोळणी बसतात. आई आता रोज एकटी जाते आणि येताना कुणाकडे काय झालं ते सगळं घेऊन येते.