जड धातू, जड पाणी आणि जैवसंवेदक

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर ‘बायोसेन्सर’साठी जैवसंवेदक लिहावं की जैवसूचक? आणि ‘हेवी मेटल’ म्हणजे जड धातू की भारी धातू?

जैवसंवेदकच लिहा. जैवसूचक म्हणजे खुद्द सजीव. नदीतले मासे, कीटकांच्या अळ्या, ज्यांच्या असण्या-नसण्यावरून पाण्याची प्रत कळते. संवेदक हे उपकरण असतं. त्यातला जैविक भाग (विकर म्हणजे एन्झाइम, डीएनएचा तुकडा किंवा जिवंत जिवाणू) धातू ओळखतो आणि दुसरा भाग त्या ओळखीचा प्रकाश किंवा विद्युत संकेत करतो. रसायनाने रंग बदलणारी साधी पट्टी या शब्दात बसत नाही.

आर्सेनिकसाठी ई. कोलाय हा जिवाणू वापरतात. (आर्सेनिक खरं तर धातुसदृश, पण जड धातूंच्या यादीत सगळेच त्याला बसवतात.) एक प्रथिन जनुकाला दाबून धरतं, आर्सेनिक चिकटलं की ते सुटतं आणि पुढे जोडलेलं जनुक चकाकणारं प्रथिन बनवू लागतं. घोळ होतो तो नळाच्या पाण्याने. क्लोरीनने जिवाणूच मरतात, चकाकी येत नाही आणि पाणी निर्दोष वाटतं. म्हणून आधी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन काढतात. पारा शोधायचा असेल तर मात्र तेच थायोसल्फेट पाऱ्याला बांधून ठेवतं. नमुना टिकवायला नायट्रिक आम्ल घातलं असेल, तर सामू (पीएच) पुन्हा ७ च्या आसपास आणावा लागतो. त्याच पाण्याच्या दुसऱ्या नळीत थोडं आर्सेनिक मुद्दाम घालून पाहावं. तीही चकाकली नाही, तर चाचणी बाद.

‘भारी धातू’ हिंदीतून आलेलं, सीताबर्डीत सहज कानावर पडतं. मराठी पाठ्यपुस्तकात ‘जड धातू’ आहे, तेच ठेवा. पण ‘आमच्या बोअरचं पाणी जड आहे’ म्हणणाऱ्याला साबणाचा फेस येत नाही एवढंच सांगायचं असतं. तो दोष कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पुस्तकी शब्द दुष्फेन पाणी. शास्त्रात ‘जड पाणी’ म्हणजे तर अणुभट्टीतलं, तिसरंच!

‘जड’चे असे तीन अर्थ, त्यामुळे फलकावर धातूंची नावं आणि पिण्याच्या पाण्यातल्या मर्यादा द्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे शिसं ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं उपकरण) यातलं काही दिसणार नाही. त्याचा सर्वांत लहान आकडा सहसा लिटरमागे १ मिलिग्रॅम असतो, शिशाच्या मर्यादेच्या शंभरपट.