भंगारातला बेस अँटेना : १.२ च्या आकड्यावर विसंबू नका

प्रश्न : कबाड्याकडून चार फोल्डेड डायपोलचा (टोकांशी वळवून बंद केलेल्या नळ्यांचा) व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झचा) बेस अँटेना वजनावर घेतला. कुठल्याशा कारखान्याच्या छतावरून उतरवलेला आहे, पट्टीवर १५५ ते १६५ मेगाहर्ट्झ लिहिलंय. सोबत तीसेक मीटर जाड केबल मिळाली. मल्टिमीटर लावला तर केबलची आतली तार आणि भोवतीची जाळी शॉर्ट दाखवतो, त्यामुळे धाकधूक आहे. पण १४५ वर एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत येते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे काहीच परत नाही) १.२ येतो! हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स नवीनच मिळालंय, कामठीच्या मित्राशी बोलायचं आहे. अँटेना आहे तसाच चढवू का?
— एक वाचक, वाडी

उत्तर : शॉर्टची चिंता सोडा. फोल्डेड डायपोल हा मुळात धातूचा बंद वेटोळा. मल्टिमीटरच्या डीसी प्रवाहाला तो शॉर्टच दिसणार, रेडिओ लहरींना नाही. उलट त्यामुळे वादळी हवेत साचणारा स्थिर विद्युतभार जमिनीत उतरून जातो.

मला खटकतो तो तुमचा १.२. दहा मेगाहर्ट्झ वरच्या पट्ट्यासाठी बनवलेला अँटेना १४५ वर इतका छान जुळेल, हे सहसा होत नाही. दोष केबलचा असावा. वर्षानुवर्षं उन्हापावसात राहिलेल्या केबलच्या जाळीत पाणी उतरतं, तांबं काळं पडतं आणि ती पॉवर गिळायला लागते. जाताना गिळते, परत येतानाही गिळते. मीटरपर्यंत परतीचं काही पोचतच नाही आणि मीटर खुशाल १.२ दाखवतो. एका दिशेने १० डेसिबेल खाणारी, म्हणजे दहावा हिस्साच पुढे सोडणारी केबल असेल तर दुसऱ्या टोकाला काहीही न जोडता एसडब्ल्यूआर १.२ च्या आसपास येतो. अशा केबलमधून तुमच्या ५ वॅटपैकी अर्धा वॅट वर पोचेल.

म्हणून आधी हे करून पाहा. अँटेना सोडवा, केबलचं टोक उघडं ठेवा आणि नॅनो व्हीएनएने (केबल-अँटेना तपासायच्या छोट्या यंत्राने) मोजा. ते नसेल तर रेडिओ सेट सर्वांत कमी पॉवरवर ठेवून क्षणभरच बोलायचं बटण दाबा. केबल चांगली असेल तर आकडा ३ च्या वर गेलाच पाहिजे. तेव्हाही १.२ किंवा दीड दिसला, तर ती केबल परत कबाड्यालाच द्या. कनेक्टर बदलून ती सुधारत नाही, पाणी लांबवर झिरपलेलं असतं. नवी घेताना पातळ आरजी-५८ नको. ३० मीटरमध्ये ती १४५ वर साधारण ६ डेसिबेल खाते, म्हणजे चौथा हिस्सा वर पोचतो. जाड आरजी-२१३ मध्ये निम्म्याहून थोडी जास्त पॉवर पोचते. तुमच्या एकूण खर्चातला मोठा भाग केबलवर जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यानंतर अँटेना गच्चीवरच, आजूबाजूला लोखंड नसेल असा उभा करा आणि मीटरभर चांगली केबल लावून १४४ ते १४६ मध्ये पुन्हा मोजा. दीडच्या आत आला तर हात लावू नका. दोनपर्यंत आला तरी चालवता येतो, परत येणारी पॉवर ११ टक्केच असते. मात्र काही सेट अशा वेळी आपोआप पॉवर कमी करतात. त्याहून जास्त असेल तर डायपोल वाढवावे लागतील. १६० ला डायपोलची लांबी सुमारे ८९ सेंटिमीटर असते, १४५ ला साडेअठ्ठ्याण्णव हवी. म्हणजे प्रत्येक टोकाला साडेचार-पाच सेंटिमीटर. टोकाचा वळलेला भाग कापून, आत घट्ट बसेल अशा ॲल्युमिनियमच्या नळीचे तुकडे घालून तो पुढे सरकवायचा आणि स्टेनलेस स्क्रूने पक्का करायचा. चारही डायपोल अगदी सारखे झाले पाहिजेत. पुष्कळ डायपोलमध्ये केबल नळीच्या आतूनच जाते. कापण्याआधी ती कुठून गेली आहे ते शोधा, नाहीतर करवत तिच्यावरच चालेल.

चार डायपोलना जोडणारं केबलचं जाळं, म्हणजे हार्नेस, मात्र उघडू नका. चारही फांद्या सारख्या लांबीच्या असतील तर १४५ वरही डायपोल एकाच फेजमध्ये, म्हणजे एकाच तालात राहतात. जुळणीचे पाव-लहरीचे (लहरीच्या चौथ्या हिश्शाइतके लांब) केबलचे तुकडे १६० साठी कापलेले, त्यामुळे थोडे आखूड पडतात, तेवढं खपतं. हार्नेसमध्येच पाणी गेलं असेल तर चारचा हट्ट सोडून एक चांगला डायपोल वापरा. कामठीसाठी तो पुरे.

चारही डायपोल मास्टच्या (उभ्या खांबाच्या) एकाच बाजूला ठेवले तर त्या दिशेला जोर मिळतो. वाडी नागपूर शहराच्या पश्चिमेला, कामठी ईशान्येला. तेव्हा तोंड पूर्व-ईशान्येकडे करा, नागपूरही त्यात येतं. दोन्ही टोकांना अँटेना १६ मीटर उंचीवर असेल तर सपाट जमिनीवर साधारण ३३ किलोमीटरपर्यंत थेट गाठ पडते. वर्ध्याचा विचार सध्या नको.

मास्टला स्वतंत्र अर्थिंग द्या आणि मेच्या वावटळी सुरू होण्याआधी तिन्ही बाजूंनी तारांचे ताण द्या. असा अँटेनाच सहा मीटरच्या आसपास लांब भरतो. चढवताना मास्टसकट तो कुठल्याही बाजूला कोसळला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये, एवढी जागा टेपने मोजून घ्या. तेवढी जागा गच्चीवर नसेल तर हा अँटेना तिथे चढवूच नका.