छंद म्हणून गावात ठासणीची बंदूक बनवता येईल का?

तुमचा प्रश्न असा : अमेरिकेत लोक हौसेने घरीच ठासणीची बंदूक घडवतात, मग आपल्या गावात लोहाराचा भाता आणि सुताराची अवजारं असताना आपण का नाही?

चालणारी बंदूक अजिबात करू नका. अमेरिकेतल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकांना बरीच सूट दिली आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची ठासणीची बंदूकही बंदूकच. विनापरवाना बनवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. वावरात रानडुक्कर-रोही (नीलगाय) येतात म्हणून पीकसंरक्षणासाठी भरमार बाळगायचा परवाना कायद्यात आहे, पण तो बाळगण्याचा. घडवण्याचा परवाना वेगळा, आणि तो हौसेसाठी नसतो.

तरीही या कामाचा नाद सोडू नका, कारण त्यातला खरा गोडवा लाकडात आणि चापाच्या यंत्रणेत आहे. मी अचलपूरकडचा. भरीव लाकडी नळीच्या, भोक नसलेल्या शोभेच्या प्रतिकृती करतो. सगळ्यात अवघड जागा म्हणजे दस्त्याचं मनगट, हाताची पकड बसते तो बारीक वळणाचा भाग. लाकडाचे रेषे त्या वळणाबरोबर धावले पाहिजेत. सरळ फळीतून कापलं की तिथे रेषे आडवे तुटतात आणि दस्ता नेमका मनगटात मोडतो. म्हणून मी शिसमाचा वाकडा वाढलेला बुंधा शोधतो. शिकायला सागवान बरं. यंत्रणेची पट्टी लाकडात बसवताना तिला दिव्याचं काजळ लावायचं, दाबायची, उचलायची. काळा डाग उठेल तेवढंच पटाशीने काढायचं. घाई केली की फट राहते आणि ती बुजवता येत नाही.

यंत्रणा समजून घ्यायला चकमकीच्या, म्हणजे गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या चापाचा दुप्पट मोठा लाकडी नमुना फळीवर करा. स्प्रिंगच्या जागी बांबूची कामटी. घोडा ओढला की आतल्या चाकाच्या खाचेत अडणी बसते. पहिली खाच घोडा अर्धा ओढल्याची, दुसरी पूर्ण ओढल्याची. मग चाप ओढला की अडणी सुटते आणि घोडा झेप घेतो. तोड्याच्या बंदुकीला सतत जळती वात लागायची, पावसात ती विझायची. चकमकीने ठिणगी स्वतःच पाडली. गावातली पोरं माझ्या नमुन्यातला घोडा स्वतः ओढून पाहतात, तेव्हा हा फरक त्यांना लगेच कळतो.

मापं घ्यायला नागपूरच्या अजब बंगल्यातलं, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातलं शस्त्रदालन पाहा. नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफही पाहून या. ओतीव कामाचा अंदाज तिच्यापाशी उभं राहिल्यावरच येतो.

काम सुरू करण्याआधी ठाणेदारांना भेटून काय बनवताय ते सांगा. तयार प्रतिकृती रस्त्याने नेताना कापडात गुंडाळून न्या, लांबून ती खरीच वाटते. आणि आजोबांच्या काळची भरमार घरात माळ्यावर निघाली, तर ती दुरुस्त करायला घेऊ नका, आधी ठाण्यात कळवा.