शेजारच्या बेकरी कॅफेत कॉफी स्वतः भाजतात, तिला एवढे पैसे देण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून म्हापशाला राहायला आलात, घराजवळच बेकरी कॅफे आहे, कॉफी तिथेच भाजतात पण एका कपाचे १८० रुपये बघून परत फिरलात. मी म्हापशाचाच, आमच्या वाड्यावरही असंच एक कॅफे आहे आणि आठवड्यातले चार दिवस तरी माझी सकाळ तिथेच होते. माझं म्हणणं, पैसे द्या, पण आधी एवढंच विचारा की ही कॉफी भाजली कधी?

गोव्यात पावाच्या बाबतीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की गरम पोई, म्हणजे इथला पाव, घ्यायची, तीच रात्रीपर्यंत चामट होते आणि दुसऱ्या दिवशी कोणी आवडीने खात नाही. कॉफीचंही तसंच, फक्त इथे तासांच्या जागी आठवडे धरायचे. भाजल्यावर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो म्हणून सुरुवातीचे काही दिवस थांबलेलं बरं, मग दोन-तीन आठवडे मस्त चव लागते, त्यानंतर वास उतरायला लागतो. आणि एकदा दळली की तर लगेच करून प्यायची.

गेल्या पावसाळ्यात कॅफेवालीने मला भाजताना बघायला बोलावलं होतं. मशीन छोटंच, आत ड्रम फिरतो, कच्च्या बिया फिक्या हिरव्या आणि वास सुक्या गवतासारखा. थोड्या वेळाने त्या पिवळ्या झाल्या आणि चक्क पाव भाजल्याचा वास सुटला, मला वाटलं मागच्या भट्टीतूनच येतोय, पण भट्टी तर बंद होती! मग दोनशे डिग्रीच्या आसपास तडतड सुरू झाली, फोडणीत मोहरी तडतडते ना तशी, आणि ती बोलता बोलता गप्प झाली, कान मशीनकडे, थोड्या वेळात बिया खालच्या जाळीवर ओतल्या आणि पंखा लावला. जरा उशीर झाला असता तर कडवटपणा वाढला असता म्हणाली. एक किलो घातलेली, काट्यावर साडेआठशे ग्रॅम भरली, कारण आतलं पाणी उडून जातं. तुमच्या १८० रुपयांत ही घटही आली आणि ते कान लावून उभं राहणंही आलं.

मी एकदा बाहेरून भारीतलं पाकीट आणलं होतं, एक्सपायरी वर्षभर पुढची पण भाजल्याची तारीख कुठेच नाही, घरी उघडलं तर पुठ्ठ्यासारखा वास. तेव्हापासून तारीख नसेल तर मी घेतच नाही.

कुठली मागायची? पहिल्यांदा जाताय तर चिकमगळूरची अरेबिका जातीची कॉफी, मध्यम भाजलेली, पहिला घोट बिनदुधाचा. आंबटपणा सोसत नसेल तर मॉन्सून्ड मलबार आहे का बघा. पूर्वी बिया जहाजाने युरोपला जायच्या, महिनोन्महिने दमट हवेत फुगायच्या आणि आंबटपणा उतरायचा, आता तीच चव आणायला मलबार किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात बिया पसरून ठेवतात. दुधातही छान लागते.

खायला मात्र केक-पेस्ट्रीच्या आधी पोई घ्या, गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ, आणि सोबत रोस ऑम्लेट, म्हणजे रस्सा ओतलेलं ऑम्लेट. शाकाहारी असाल तर पातळ भाजी. पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेवर फुगवायचे, आता बहुतेक सगळीकडे यीस्ट. आमच्या कॅफेतली भट्टी इलेक्ट्रिक आहे, लाकडाच्या भट्टीतल्या पोईची खरपूस चव तिला येत नाही, हे मी कॅफेवालीला तोंडावर सांगितलंय आणि तिलाही ते पटतं.

शुक्रवारी नका जाऊ, बाजाराचा दिवस, पार्किंग मिळणार नाही. इतर दिवशी आठच्या सुमाराला जा आणि ताजा पाव भट्टीतून कधी निघतो ते विचारून तेवढा वेळ थांबा.